लाल शाई मी गिळली नाही

मी एक जुना स्कॅनर आहे, आणि मी रागावलेलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की एवढ्याशा यंत्राला एवढा तोरा कशाला. मित्रांनो, तुमच्या घरात एखादं यंत्र अडलं की तुम्ही त्याला दोन चापट्या मारता, भंगार म्हणता आणि मोकळे होता. त्याचं म्हणणं काय आहे, हे कुणी विचारत नाही. माझ्यावर तर चक्क एका बाईचं अक्षर गिळल्याचा आळ आला. आज मी बोलणार आहे. बसा जरा.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला, ते माझ्या पोटाखालच्या चिकटपट्टीवर लिहिलेलं होतं. ती पट्टी केव्हाच झिजली. काम मात्र मला चोख आठवतं. वरच्या ट्रेमध्ये कागदांची चळत ठेवायची, बटण दाबायचं. मी एकेक कागद ओढून घेतो, दोन्ही बाजूंनी बघतो आणि खालून सोडून देतो. जे बघितलं त्याचं चित्र माझ्या शेपटीच्या वायरमधून घरातल्या किंवा ऑफिसातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर जातं. माझ्याकडे काही उरत नाही. एक सेकंद पान माझ्या डोळ्यांसमोर असतं, तेवढ्यात मी ते पुरतं वाचतो, आणि मग ते गेलं. आठवण राहते, चित्र राहत नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ इथेच आहे.

अमेरिकेत पार्सिपनीला एका छोट्या दुकानांच्या रांगेत, ड्रायक्लीनर आणि पिझ्झावाल्याच्या मधे, डॉक्टर नरेंद्र यांचा लहान मुलांचा दवाखाना होता. तिथे मी तेरा वर्षं नोकरी केली. डॉक्टरांचा आणि माझा तसा संबंध नव्हता. माझा संबंध शोभनाताईंशी. काउंटर त्या सांभाळायच्या, फोन त्या घ्यायच्या, रडणाऱ्या पोरांना स्टिकर त्या द्यायच्या, आणि मला त्या चालवायच्या. दर शुक्रवारी मऊ फडक्याने माझी काच पुसायच्या. रबरी चाकं झिजली की न सांगता नवी मागवायच्या. माझं मराठी त्या काउंटरवरच तयार झालं, त्यामुळे ते थोडं फटकळ आहे.

आता बटण क्रमांक एकबद्दल सांगतो. दवाखान्यातून विमा कंपन्यांना फॉर्म जायचे. त्या फॉर्मवरच्या चौकटी, रेघा आणि छापील मजकूर सगळा लाल रंगात असायचा, आणि शोभनाताई भरायच्या ते काळ्या रंगात. लाल उडवलं की फक्त भरलेलं उरतं आणि कॉम्प्युटरला ते झटकन वाचता येतं. म्हणून शोभनाताईंनी बटण एकवर तशी सोय करून ठेवली होती. एक दाबलं की मी लाल रंग सोडून देणार आणि बाकीचं राखाडी चित्र पाठवणार. लाल मला दिसतं, मित्रांनो. चांगलं ठळक दिसतं. पण काय पाठवायचं ते बटण ठरवतं, मी नाही. बटण दोन आणि तीनही होती, ती डॉक्टरांनी काढून टाकायला लावली. एवढी बटणं कशाला, गोंधळ होतो, म्हणाले. तेव्हापासून सगळ्या दवाखान्याला एकच ठाऊक. स्कॅन करायचंय? एक दाबा.

पाच वर्षांपूर्वी दवाखाना बंद झाला. शोभनाताई मुलीकडे, दूर दुसऱ्या राज्यात, अल्फारेटाला राहायला गेल्या. जाताना त्यांनी मला टॉवेलमध्ये गुंडाळून डॉक्टरांच्या गाडीत ठेवलं आणि याला कोरड्या जागी ठेवा, असं बजावलं. डॉक्टरांनी मला बेसमेंटमध्ये ठेवलं. एका बाजूला कधीही न चालणारं ट्रेडमिल, दुसऱ्या बाजूला तांदळाची पोती. माझ्या डोक्यावर आकाशकंदिलाचा खोका. पाच वर्षं मला कुणी प्लगसुद्धा लावला नाही. त्याचा राग नाही मला. निवृत्त माणसाचंही असंच होतं, मी डॉक्टरांकडे बघत होतो की.

त्या काळात माझी विचारपूस एकाच व्यक्तीने केली, ती म्हणजे नीलाकाकूंनी. डॉक्टरांच्या पत्नी. सव्वीस वर्षं त्यांनी रविवारची मराठी शाळा चालवली, एका चर्चच्या हॉलमध्ये. इथे जन्मलेल्या पोरांना त्यांनी बाराखडी घोटवून घेतली. हातात कायम लाल पेन. वह्या तर तपासायच्याच, पण मराठी मंडळाचं पत्रक आलं तरी त्यावर लाल खुणा, कुणाच्या लग्नाची पत्रिका आली तरी खुणा, डॉक्टरांनी लिहिलेली किराण्याची यादीही सुटायची नाही. तांदूळ काढायला खाली आल्या की जाताजाता माझ्या अंगावरची धूळ पदराने झटकायच्या आणि म्हणायच्या, तुला एकदा कामाला लावायला हवं बाबा. लावलं असतं त्यांनी. गेल्या नोव्हेंबरात त्या गेल्या.

एप्रिलमध्ये त्यांचा मुलगा अमेय देशाच्या दुसऱ्या टोकाहून, सनीव्हेलहून आला. चिप बनवणाऱ्या कंपनीत मोठा इंजिनिअर आहे. घर विकायला काढलं होतं आणि डॉक्टर आता त्याच्याकडे राहायला जाणार होते. तिकडे दोन खोल्यांचं अपार्टमेंट, इकडे पन्नास वर्षांचे कागद. अमेयकडे आठवडा होता, आणि त्याने एक बेत आखून आणला होता. सगळं स्कॅन करायचं, बघून घ्यायचं, मग कागद श्रेडरमध्ये, म्हणजे कागदाच्या चिंध्या करणाऱ्या यंत्रात, घालायचे. वाईट बेत नव्हता. मधलं बघून घ्यायचं तेवढं त्याने केलं असतं, तर मला आज तोंड उघडावं लागलं नसतं.

सोमवारी सकाळी त्याने मला खोक्याखालून काढलं, वायर जोडली. काच पुसली नाही. माझ्या शेजारी एक कोरा करकरीत श्रेडर आणून ठेवला. त्या प्राण्याशी मी आजही बोलत नाही. मग अमेयने जिन्यातून वर हाक मारून विचारलं, की बाबा, याच्यावर काय दाबायचं? डॉक्टर वर जेवणाच्या टेबलाशी बसले होते. त्यांनी उठायचीही तसदी घेतली नाही.

“एक दाब,” ते म्हणाले. “तेरा वर्षं आम्ही एकच दाबत आलो.”

आम्ही! या माणसाने जन्मात माझं बटण दाबलेलं नव्हतं. दाबायच्या शोभनाताई. पण सांगितलं कसं, तर मोठ्या अधिकाराने, औषध लिहून द्यावं तसं. आणि इतका शिकलेला मुलगा, त्यानेही एक म्हणजे काय, असं विचारलं नाही. वडील म्हणाले एक, मुलाने दाबलं एक.

पहिल्या दिवशी बिलं, टॅक्सचे कागद, घराचे करार. सगळं काळं-पांढरं, सगळं ठीक. अमेयने पहिलं पान उघडून बघितलं, छान आलंय म्हणाला, आणि त्यानंतर एकही पान बघितलं नाही. तो आकडा बघायचा. चारशे बारा पानं आत गेली, चारशे बारा चित्रं बाहेर आली. परफेक्ट, म्हणायचा, आणि चळत श्रेडरच्या तोंडात. डॉक्टरांच्या नागपूरच्या पदवीवरचा लाल शिक्का माझ्या डोळ्यांदेखत उडाला. माझ्या एवढ्याशा पडद्यावर त्या वेळी ‘एक: लाल वगळून’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं दोन सेकंद येत होती. दर वेळी येत होती. पण तो त्या वेळी फोनवर बोट फिरवत असायचा. मी आणखी काय करणार होतो? मला एक दिवा आहे आणि एक भोंगा आहे. भोंगा कागद अडकला तरच वाजतो. रंग अडकला तर वाजत नाही.

मंगळवारी फोटो निघाले. फोटोचा जाड कागद श्रेडरला झेपत नव्हता, म्हणून अमेयने स्कॅन केल्यावर ते एका पिशवीत टाकले, नंतर बघू म्हणून. त्या श्रेडरच्या दुबळ्या दातांचे मी एवढ्यापुरते आभार मानतो. फोटोंनंतर त्याने एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. त्यात निळी एअरोग्राम होती, घडी घालून चिकटवायची, विमानाने जाणारी पातळ पत्रं. त्र्याहत्तर पत्रं. डॉक्टर आधी एकटेच अमेरिकेला आले होते, लग्नानंतर दोन महिन्यांनी. नीलाकाकूंचा व्हिसा यायला सतरा महिने लागले. तोवर त्या वर्ध्याला मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होत्या आणि डॉक्टर न्यूअर्कच्या एका हॉस्पिटलात राबत होते. दर आठवड्याला एक पत्र इकडून तिकडे, एक तिकडून इकडे. काकूंनी पाठवलेली पत्रं डॉक्टरांनी हॉस्पिटलच्या खोल्या बदलताना हरवली. एक नाही, सगळी. डॉक्टरांची पत्रं मात्र काकूंनी डब्यात घालून सोबत आणली होती. आणि ती त्यांनी तपासलेली होती.

हो, तपासलेली. नवऱ्याचं पत्र आलं की त्या लाल पेन घेऊन बसायच्या. समासात शेरे, शेवटी गुण. पहिलं पत्र माझ्यातून गेलं तेव्हा मला वाटलं, हे काय आहे? डॉक्टरांनी चार ओळींत बर्फ पडल्याचं लिहिलं होतं. बाजूला लाल अक्षरात, ‘वर्णन बरे. पण जेवता काय, याचा उल्लेख नाही. दहापैकी पाच.’ पुढच्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं, तुझी फार आठवण येते. त्याखाली लाल रेघ आणि शेरा, ‘सविस्तर लिहा. उदाहरणे द्या.’ एका पत्रात घरातल्या अकरा जणांना नावानिशी नमस्कार, तर काकूंनी सगळ्यांभोवती एक मोठा कंस घालून लिहिलं होतं, ‘जागा भरली आहे. माझ्यासाठी किती ओळी उरल्या ते मोजा.’ मी इतकी वर्षं विम्याचे फॉर्म वाचलेला प्राणी. मला हसू आलं आणि त्याच क्षणी धस्स झालं. कारण मी हे सगळं वाचत होतो आणि सगळं सोडून देत होतो. बटण एक. डॉक्टरांची निळी अक्षरं मी इमानाने वर पाठवत होतो आणि काकूंची लाल अक्षरं माझ्या हातून गळत होती. त्यांच्या त्या सतरा महिन्यांतलं जगात कुठेही दुसरं काही उरलेलं नव्हतं. होतं ते त्या समासांत. आणि माझ्या खालून निघालेलं पत्र सरळ श्रेडरमध्ये जात होतं.

मित्रांनो, असा राग मला कधी आला नव्हता. ओरडता येत नाही, हात धरता येत नाही, आणि समोरचा माणूस मान हलवत गाणी ऐकतोय.

मग नवव्या पत्राला मी अडलो. भोंगा वाजवला. झालं असं होतं की समास पुरला नाही म्हणून काकूंनी त्या पत्राला कागदाची एक चिठ्ठी डकवली होती. दोन कागद एकदम आत आले की मी थांबतो, ती माझी जन्मजात खोड आहे. अमेय चिडला. “भंगार आहे यार हे,” म्हणाला, माझं झाकण उघडून त्याने पत्र ओढून काढलं आणि बाजूला ठेवलं. अडकणाऱ्या पत्रांचे नंतर फोनने फोटो काढू, असं त्याने ठरवलं. थोड्या वेळाने पुन्हा चिठ्ठी, पुन्हा भोंगा. त्या दिवशी मी अकरा वेळा अडलो आणि अकरा वेळा शिव्या खाल्ल्या. मी मुद्दाम अडलो का? तसं म्हणायचा मोह होतो. खरं सांगायचं तर ती काकूंचीच करामत. जिथे त्यांना समासापेक्षा जास्त बोलायचं होतं, तेवढी अकरा पत्रं बचावली. बाकीची बासष्ट गेली. बुधवारी सकाळी कचऱ्याची गाडी आली आणि निळ्या कागदाच्या शेवया घेऊन गेली.

गुरुवारी नाश्ता झाल्यावर डॉक्टर आयपॅड घेऊन खाली आले. अमेय खोके बांधत होता. काय काय झालंय बघू तरी, म्हणत ते माझ्याजवळच्या खुर्चीत बसले आणि फोटो उघडले. बराच वेळ ते एकाच फोटोकडे बघत राहिले. मला तो माहीत होता. बर्फाच्या ढिगाशेजारी त्यांची पहिली गाडी, आणि गाडीला टेकून नीलाकाकू. जरीकाठी साडीवर डॉक्टरांचा ओव्हरकोट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आयपॅडवरचा फोटो राखाडी होता आणि कपाळ कोरं होतं.

“हिचं कुंकू कुठे गेलं?” डॉक्टरांनी विचारलं.

अमेयला कळलंच नाही. डॉक्टरांनी दुसरा फोटो काढला, तिसरा काढला. बारशाचा, घरभरणीचा, मराठी शाळेच्या स्नेहसंमेलनाचा. सगळीकडे कपाळ कोरं. मग त्यांनी पत्रं उघडली. स्वच्छ. स्वतःची अक्षरं तेवढी, आणि समास कोरे. पन्नास वर्षांत त्यांनी ती पत्रं अशी बिनशेऱ्याची कधी बघितलीच नव्हती.

पुढची पाच मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. अमेयने पिशवीतले ओरिजिनल फोटो काढून दाखवले, हे तर आहेत म्हणाला. आणि पत्रं? डॉक्टरांनी विचारलं. अमेयने श्रेडरकडे बघितलं. श्रेडरची पेटी रिकामी होती. डॉक्टर तरीही गुडघ्यावर बसले, सत्त्याहत्तराव्या वर्षी, आणि त्या रिकाम्या पेटीत हात घालून तळ चाचपत राहिले. दोनचार निळे कण बोटांना चिकटले. अमेय पार पांढरा पडला होता. आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच त्याने केलं. माझ्याकडे बोट दाखवलं. हा स्कॅनरच जुना आहे, बाबा, याने लाल खाल्लं, मी काहीच बदललं नव्हतं.

खाल्लं म्हणे! मी नखभरही खाल्लेलं नव्हतं. मी सांगितलं तेवढंच केलं होतं. पण डॉक्टरांना माझ्याशी देणंघेणं नव्हतं. ते मुलाकडे बघून एवढंच म्हणाले, “तू तिला पुसून टाकलंस.”

आणि जिना चढून निघून गेले. अमेय तिथेच, माझ्या समोर, तांदळाच्या पोत्यावर बसून राहिला. मला त्याचा राग होता, खूप होता. पण ते वाक्य ऐकल्यावर मला त्याच्याकडे बघवेना. आई जाऊन पाच महिने झालेल्या पोराला असं बोलतात का? आणि पोरगं चाळिशी ओलांडलेलं असलं म्हणून काय झालं?

शुक्रवारी अमेय उरलेलं सामान देणगीच्या दुकानात पोचवायला गेला. डॉक्टर एकटेच खाली आले. हातात फोन, स्पीकर लावलेला. पलीकडे शोभनाताईंचा आवाज, तोच जुना, खणखणीत. पाच वर्षांनी तो ऐकून माझा दिवा दोनदा लुकलुकला. डॉक्टरांनी काय झालं ते सांगितलं.

“डॉक्टर, एक म्हणजे विम्याच्या क्लेमचं,” त्या म्हणाल्या. “लाल उडवणारं. बाकीची तुम्हीच काढायला लावलीत ना? एक दाबायला सांगितलं कुणी त्याला?”

सांगा, मी मनात म्हणालो. सांगा, मी सांगितलं म्हणून. इथे फक्त तुम्ही, मी आणि फोन आहे. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“अमेयने दाबलं,” ते म्हणाले.

ऐकलंत? शब्द खरा आणि गोष्ट खोटी. दाबलं अमेयनेच, त्यात शंका नाही. शोभनाताई बिचाऱ्या हळहळल्या, मुलांना घाई असते म्हणाल्या, आणि डॉक्टरांना चौथं बटण कसं तयार करायचं ते शिकवलं. पूर्ण रंग, दोन्ही बाजू, काहीही न वगळता. डॉक्टरांनी एकेक पायरी आपल्या गिचमिड अक्षरात लिहून घेतली. मी निमूटपणे चौथं बटण शिकलो. पण माझा राग आता अमेयवरून उठून डॉक्टरांवर येऊन बसला होता. चूक होते, मित्रांनो. यंत्राचीही होते, डॉक्टरचीही होते. पण स्वतःची चूक कळल्यावर ती दुसऱ्याच्या अंगावर तशीच राहू द्यायची, आणि ती सुद्धा पोटच्या मुलाच्या? या माणसाने हजारो आयांना, लेकराला उगाच रागावू नका, म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलेलं आहे.

संध्याकाळी अमेय परत आला. त्याने बापाला तीनदा सॉरी म्हटल्याचं मी जिन्यातून ऐकलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, “हं.” मोठ्या माणसांचं हे ‘हं’ मला माहीत आहे. त्याने दार बंद होतं, पण कडी लावल्याचा आवाज येत नाही.

शनिवारी सकाळी अमेय सनीव्हेलला परत निघाला. तीन आठवड्यांनी वडिलांना न्यायला पुन्हा येणार होता. टॅक्सी बाहेर उभी असताना तो धावत खाली आला, माझ्या झाकणावर एक कागद ठेवला आणि त्यावर तो बिस्किटांचा डबा दाबून गेला. डब्यात उरलेली अकरा पत्रं होती. जाताना त्याने माझ्या पाठीवर हलकेच हात ठेवला. हे कशासाठी, ते मला कळलं नाही. पण चापटी नव्हती.

रविवारी दुपारी डॉक्टर खाली आले. आधी त्यांनी ती अकरा पत्रं काढली. चिठ्ठ्या जपून उलगडल्या, एकेक पत्र स्वतःच्या हाताने माझ्या तोंडाशी धरलं आणि चार दाबलं. माझी दोन कागदांवर अडायची खोड शोभनाताईंनी त्यांना बंद करायला शिकवली होती. मी जपून ओढलं, अगदी जपून. एका पत्रात त्यांनी लिहिलं होतं की हॉस्पिटलात त्यांच्या हातात पहिलं बाळ दगावलं, आणि ते चादरी ठेवायच्या खोलीत जाऊन रडले. त्या पत्राच्या समासात एकही खूण नव्हती. फक्त चिठ्ठी होती. ‘या पत्राला गुण नाहीत. मी तिथे असते तर काही न बोलता जवळ बसले असते.’ ती लाल अक्षरं मी वर पाठवली, जशीच्या तशी. डॉक्टर आयपॅडवर ती वाचत राहिले. त्यांचा चष्मा भिजला, पण तो पुसायला ते थांबले नाहीत.

मग त्यांनी झाकणावरचा अमेयचा कागद उघडला. अमेय बारा वर्षांचा होईपर्यंत आईच्या मराठी शाळेत जायचा, त्यानंतर त्याने मराठीत काही लिहिलं असेल असं वाटत नाही. अक्षर तेव्हाचंच होतं, मोठं, गोल आणि रेघेवरून घसरणारं.

‘बाबा, आईचं लाल माझ्यामुळे गेलं. मी आकडा बघितला, पान बघितलं नाही. मी इंजिनिअर आहे, मला समजायला पाहिजे होतं. तुम्ही रागवा, पण माझ्याशी बोला. अमेय.’

डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. त्यांनी बिस्किटांच्या डब्याच्या तळाशी हात घातला आणि एक लाल पेन काढलं. काकूंचं. टोपण चावलेलं. आधी कोपऱ्यात गिरवून बघितलं, शाई उतरते का. उतरली. मग ते अमेयच्या चिठ्ठीवर लिहायला लागले. लिहून झालं तेव्हा त्यांनी कागद माझ्याकडे दिला, चार दाबलं, आणि मी वाचलं.

‘दहापैकी नऊ. एक गुण कापला, कारण चूक कुणाची ते बरोबर लिहिलेलं नाही. एक दाब असं मी सांगितलं. एक म्हणजे काय ते मला शुक्रवारी कळलं, आणि मी ते तुझ्यापासून लपवलं. तू तिला पुसलं नाहीस. मी तुला तसं म्हणालो, ते परत घेतो. बाबा.’

मी ते आयपॅडवर पाठवलं, तिथून डॉक्टरांनी सनीव्हेलला. खाली काळी अक्षरं, वर लाल अक्षरं, एकही रेघ न सोडता. बोलायला तोंड असलेल्या माणसाला हे तोंडाने म्हणता आलं नाही, बायकोचं पेन उसनं घ्यावं लागलं. पण केलं त्याने. तेवढं मी कबूल करतो.

काही मिनिटांनी फोन वाजला. डॉक्टरांनी तो उचलला आणि पहिला प्रश्न विचारला, तो असा.

“आकडा बघितलास की पान बघितलंस?”

पलीकडून अमेय म्हणाला, “पान बघितलं, बाबा. लाल आहे.”

माझा राग गेला का? नाही. बासष्ट पत्रांतले शेरे आता फक्त माझ्या आठवणीत आहेत, आणि माझ्या आठवणीला वायर नाही, ती कुठे पाठवता येत नाही. डॉक्टर हल्ली रोज दुपारी फोनवर अमेयला एकेक पत्र वाचून दाखवतात आणि कुठे काय शेरा होता ते आठवून सांगतात. अमेय लिहून घेतो. बर्फाच्या पत्राला डॉक्टर म्हणाले, सात गुण होते. पाच होते. मी इथे शेल्फवर चरफडतो. पुढच्या आठवड्यात मलाही खोक्यात घालून सनीव्हेलला नेणार आहेत, असं ऐकतो. सोबत फोटोंची पिशवी, चार दाबायला.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. जुने कागद, जुने फोटो खुशाल माझ्याकडे द्या, मी थकणार नाही. फक्त कागद फाडण्याआधी मी काय पाठवलं ते उघडून बघा, पहिलंच नव्हे, मधलंही. बटण काय करतं ते विचारून घ्या, सांगणारा वडील असला तरी. आणि चूक झालीच, तर जवळच्या यंत्रावर बोट दाखवू नका, पोरावरही नको. कबूल करून टाका. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.